आजीच्या गुडघ्यांना विचारून

तळवली,
आषाढ वद्य अष्टमी

चि. बाळ यास,

तू पाठवलेला सहलीचा बेत नीट वाचला. १५ ऑगस्टला जोडून तीन दिवस, तेरा सीटची गाडी, अकरा माणसं, आणि समुद्राकाठची ठिकाणं: अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे. घरातल्या सगळ्यांनी एका गाडीत बसून निघावं असं तुझ्या मनात आलं, याचा फार आनंद झाला. पुण्याला नोकरी लागल्यापासून तू सणापुरता येतोस, जेवतोस आणि संध्याकाळी निघतोस. मुलांना आजी भेटते ती तेवढीच. म्हणून हा बेत मोडायला मी लिहीत नाही, तो चांगला पार पडावा म्हणून लिहितो. फोनवर इतकं सगळं सांगून होत नाही. मध्येच कुणीतरी हाक मारतं आणि महत्त्वाचं तेच राहून जातं.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गाडीतल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला झेपेल तेवढाच रस्ता धरायचा. आपल्या गाडीत ते माणूस म्हणजे तुझी आजी, आणि तिच्यानंतर तुझी धाकटी, जिला पनवेल यायच्या आत मळमळायला लागतं. तारीख, ठिकाणं, मुक्काम, निघायची वेळ, सगळं या दोघींवरून ठरव. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांची माणसं नेण्या-आणण्यात माझी उमर गेली. माल भरलेली गाडी कितीही वेळ पळवता येते, माल तक्रार करत नाही. माणसं भरलेली गाडी चालवताना मागे बसलेल्यांची पाठ, पोट आणि झोप चालवणाऱ्याच्या लक्षात असावी लागते. तुझ्या कागदावर किलोमीटर आहेत, हॉटेलं आहेत. आजीचे गुडघे कुठेच नाहीत.

आधी तारखेचं बोलू. १५ ऑगस्ट सोडून दे. श्रावणात कोकण हिरवंगार असतं हे खरं, पण त्या दिवसांत दरड कुठे येईल आणि कुठल्या पुलावरून पाणी जाईल हे कुणी सांगू शकत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या, आणखी वाहनंही गेली. त्या ड्रायव्हरांची काहीच चूक नव्हती. रोजचा रस्ता, रोजचा पूल, आणि अंधारात पुढे पूलच उरला नव्हता. दहा महिन्यांत तिथे नवा पूल झाला, तो मजबूत आहे. तरीही धो धो पावसात, रात्री, लहान मुलं घेऊन अनोळखी रस्त्याने जायची आपल्याला काहीच गरज नाही. आपले कोळी भाऊसुद्धा समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटत नाहीत. त्यांचं तर पोट त्यावर असतं, आपण मौजेला निघालोय. शिवाय पावसाळी हवेत खाडीतल्या बोटी कधी बंद ठेवतील याचा नेम नसतो, आणि तुझ्या सहलीचा खरा गाभा त्या बोटींतच आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

दिवाळीनंतर जा. भाऊबीज होऊ दे, लाभपंचमीला पहाटे नीघ. मुलांच्या शाळा बंदच असतात. शनिवार-रविवार मात्र टाळ, कारण सुट्टीच्या दिवशी वडखळला गाड्यांची रांग लागली की अलिबागला पोचेपर्यंतच माणूस थकतो. आणि या दिवसांत जाण्याचं आणखी एक कारण आहे. कोकणात तेव्हा भातकापणी चालू असते. तुझ्या आजीचं अर्धं आयुष्य आपल्या खाडीकाठच्या खाचरांत गेलं. आधी एमआयडीसी आली, मग १९७० ला सिडको झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आपलं तळवलीही होतं. तुझा जन्म झाला तेव्हा घणसोली नि रबाळ्याच्या मध्ये भात पिकत होतं हे सांगूनही पटलं नसतं. तुझ्या मुलांनी भात बघितलाय तो ताटातला. पेण ओलांडलं की रस्त्याच्या कडेला पिवळी खाचरं दिसायला लागतील, कुठे कापणी, कुठे झोडणी चालू असेल. तिथे गाडी कडेला घे आणि आजीला उतरव. काही विचारू नकोस, मुलांना नुसतं तिच्या बाजूला उभं कर. ती आपणहून बोलेल. भारा कसा बांधायचा, कणसं कशी झोडायची, हे तिच्याइतकं चांगलं त्यांना कुणी सांगणार नाही. या थांब्याला अर्धा तास लागला तर लागू दे, तासभर लागला तरी चालेल.

आता ठिकाणं. तीन दिवसांत गणपतीपुळे गाठायचं म्हणजे अकरा माणसांनी तीन दिवस गाडीत बसून राहायचं. दापोली, गुहागर, पुळे या खेपेला गाळ. मी सांगतो तसं कर. पहिल्या दिवशी पहाटे पाचला तळवली सोड. पळस्पे, पेण, वडखळ, अलिबाग. इथवर नव्वदेक किलोमीटर. पळस्प्यापासून पुढच्या गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, तिथे वेगाची अपेक्षा धरू नकोस. अलिबागला थांबून न्याहारी करा आणि रेवदंड्याच्या वाटेला लागा. तिथला कुंडलिकेवरचा पूल उतरला की कोर्लई. त्या गावात आजही काही घरांतून जुन्या पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, मुलांना हे जरूर सांग. आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी अशी भाषा चारशे वर्षं टिकली याचं मला नेहमी नवल वाटतं. मग काशिद, नांदगाव, मुरुड. जंजिऱ्यात जायचा हट्ट धरू नका. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावं लागतं आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो. आजीला ते जमणार नाही आणि तिला एकटीला काठावर बसवून बाकीच्यांनी जाणं बरं दिसणार नाही. राजपुरीच्या चढावरून अख्खा किल्ला पाण्यात उभा दिसतो. तिथे गाडी थांबव आणि मुलांना सांग की शिवाजी महाराजांना हा घेता आला नाही, संभाजी महाराजांनी समुद्रात सेतू बांधायला घेतला तरी सिद्दी हटला नाही.

मग आगरदांडा. इथे गाडी बोटीत चढते आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरते. याला तिकडे जंगल जेटी म्हणतात. या खाड्यांमुळेच हा रस्ता इतर रस्त्यांपेक्षा वेगळा आहे. पुढे बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला शास्त्री. प्रत्येक ठिकाणी गाडीनं बोटीत बसायचं. दाभोळची बोट नसती तर दापोलीवरून चिपळूणला वळसा घालून गुहागरला जावं लागलं असतं, शंभरावर किलोमीटर. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता न्यायचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांचं, १९८० साली ते मुख्यमंत्री झाले त्या काळातलं. आता या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम मनावर घेतलंय. पूल झाले की तिकडच्या माणसांची मोठी सोय होईल, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेता येईल. ते व्हायलाच हवेत. पण मग बोटी राहणार नाहीत. म्हणून तुझ्या मुलांना या वर्षीच नेऊन आण.

बोटीत चढताना आणि उतरताना सगळी माणसं खाली उतरव, गाडीत एकटा ड्रायव्हर राहू दे. धक्क्याचा उतार ओला असतो, शेवाळ असतं, म्हणून आजीचा हात धरायला एक माणूस नेमून ठेव. बोट सुटली की सगळ्यांनी कठड्याशी उभं राहावं, फोन खिशात. शेवटची फेरी कितीला सुटते ते आदल्या दिवशी फोन करून विचार, आणि त्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्यावर पोचायच्या हिशेबाने चाल. चुकलीच तर आडवाटेने घाट चढून रात्री पोचायची घाई करू नका, मुरुडला मुक्काम करा.

दिघीहून बोर्ली पंचतनवरून दिवेआगर. पहिला मुक्काम इथे. गणपतीचं दर्शन आजीला घडव, तिच्या मनात ते कधीपासून आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात पोफळीच्या वाडीत पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ ला दरोडा पडून तो गेला, आणि २०२१ ला नव्याने घडवून पुन्हा देवळात बसवला. तिला सगळी कहाणी पाठ आहे, पण देऊळ तिने पाहिलेलं नाही. गावातल्या वाड्यांतून हिंडताना नीट बघ, पोफळी कुठे दाट आणि कुठे विरळ दिसतील. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. नारळ-पोफळ काही एका पावसाळ्यात उभी राहत नाही. तिकडची माणसं त्यातून पुन्हा सावरताहेत. म्हणून राहायला आणि जेवायला कुणाच्या तरी घरगुती खाणावळीतच जा, आदल्या दिवशी सांगून ठेव, आणि पैशांची घासाघीस करू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच ठरवू नका. उठतील तेव्हा उठू दे, मुलांना वाळूत खेळू दे. गाडी मात्र वाळूत नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. चाकं रुतली आणि भरती आली की गाडी समुद्राची. दुपारी जेवून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जा. रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मधून जातो, समुद्र अगदी काचेला लागून वाटतो. हे अंतर तासाभराचंही नाही, पण या वाटेला मी सबंध दुपार देईन. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. तिथून हरिहरेश्वर, दुसरा मुक्काम.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट देवळामागून खडकांवर उतरते. ती फक्त ओहोटीची. लाट उचलून नेते आणि दगडावर आपटते, तिथे आजवर माणसं गेलेली आहेत. यासाठी तुला आपल्या खाडीकाठचा हिशेब सांगतो, तो शिकून घे आणि मुलांनाही शिकव. जी तिथी असेल तिची पाऊणपट कर, तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अर्धा तास मागेपुढे धर. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. तू लाभपंचमीला निघालास तर हरिहरेश्वरला सप्तमीची सकाळ उजाडेल. भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटीचा तळ अकराच्या सुमाराला. दिवस भांगाचे, उधाण नाही. तरणी माणसं तेवढ्यात फिरून येऊ शकतील. तरी तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नका, तो नाही म्हणाला तर परत फिरा. आजी आणि वहिनी देवळात बसतील. तुझ्या आजोबांच्या नावाने आजीला तिथे काही करायचं असेल तर गुरुजींना आधी सांगून ठेव.

पाण्यात उतरतानाही भरती-ओहोटी बघायची. पाणी ओसरत असताना पोहायला जायचं नाही, ते आत ओढतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काशिदचा किनारा दिसायला फार सुंदर, पण तिथे घोट्याच्या वर पाण्यात कुणी जाऊ नये असं मी सांगतो.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरहून म्हसळ्यावरून माणगावला हायवे गाठा आणि रात्रीपर्यंत घरी या.

आता गाडी. तू स्वतः चालवीन म्हणतोस. लायसन्सची अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं हे पक्कं केलंय. तरी ड्रायव्हर घे. चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही, त्याला पुढचं वळण दिसतं. तू मुलांजवळ बस. गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. कुणी ओळखीतून पांढऱ्या पाटीची स्वस्तात देत असेल तर घेऊ नकोस. भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी डोळ्यांनी बघ. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुना असेल तर बदलून माग. स्टेपनी, जॅक, पाना आहे की नाही ते पाहा. मागच्या दाराशी बॅगा रचू नका. काही झालं तर बाहेर पडायला तेच दार आहे.

ड्रायव्हरविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे सांगणारं दुसरं कुणी तुला भेटणार नाही. तुमची सहल पाचला सुरू होते, त्याची तीनला. गाडी आणायची, पुसायची, डिझेल भरायचं, हे तुम्ही उठायच्या आत झालेलं असतं. मोटार कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता; दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. टुरिस्ट गाडीवर हे तास कुणी मोजत नाही. तू मोज, आणि तीनपासून मोज. मुक्कामी त्याला झोपायला खोली दे, पंखा असलेली. गाडीतल्या सीटवर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात डुलक्या घेतो. जेवायला त्याला तुमच्या पंगतीत बसव, तुम्ही खाल तेच त्याला वाढ. रात्री त्याला तुमच्यातल्या कुणी पेला पुढे करायचा नाही. दुपारी त्याच्या शेजारी बोलका माणूस बसव, झोपाळू नको. आणि तो घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये सावकाश चालला असेल तर मागून घाई करू नका. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं असतं, नाहीतर ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे. आपलाच ड्रायव्हर थांबून वाट देत असेल तर त्याला डरपोक म्हणू नका.

आजीला दाराजवळची पुढची सीट, पाय लांब करता येतील अशी. धाकटीला मधल्या ओळीत, पुढची काच दिसेल अशा बाजूला. शेवटची ओळ मागच्या चाकाच्याही मागे येते, तिथे सगळे दणके बसतात. तिथे तुम्ही जवान माणसं बसा. धाकटीला उपाशी आणू नकोस आणि वडे-भजीही चारू नकोस. आल्याचा तुकडा, लिंबू, कोरडी पोळी, आणि गाडी चालू असताना हातात फोन नको.

बायकांचं एक सांगायचंय, तेवढं नीट वाच. आपल्या घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. पुढे कुठे थांबणार हे त्यांना ठाऊक नसतं आणि थांबवायला सांगायचा संकोच वाटतो. मग दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि त्या कुणाला बोलत नाहीत. दर दीड तासाने स्वच्छ सोय असलेल्या जागी गाडी थांबव. कुणी मागितलं म्हणून नको, ठरलेलं म्हणून. आदल्या दिवशी चिठ्ठीवर ती ठिकाणं लिहून ड्रायव्हरला दे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखव. पहिल्याच थांब्यानंतर बघ, पाण्याची बाटली फिरायला लागेल.

आणि निघायच्या दिवशी पहाटे अकरा माणसांच्या भाकऱ्या थापायला सूनबाईला आणि वहिनीला दोनला उठवू नकोस. आपल्याकडे एकविरेला निघतानाही हेच होतं, बायका रात्रभर चुलीपाशी आणि गाडीत बसल्या की झोपलेल्या. न्याहारी अलिबागला मिळते. बॅगा पुरुषांनी उचलायच्या, मुलांचे ओले कपडे पुरुषांनी बदलायचे. तीन दिवस त्यांनाही खिडकी मिळू दे.

बेत बदलायच्या आधी आजीला एकदा फोन कर. "जिथं न्याल तिथं येईन" असं ती म्हणेल, तेवढ्यावर थांबू नकोस. दिवेआगर आणि हरिहरेश्वर अशी दोन नावं घे आणि गप्प बस, ती काय म्हणते ते ऐक. मग गाडी ठरव. ठरवलीस की मला कळव. पैसे द्यायच्या आधी गाडी बघायला मी येतो. बोटीचा नंबर मिळवून ठेवतो. सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा
काका